चामड्याची सायकल सीट: निवडायची कशी, रुळवायची कशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चामड्याच्या सीटबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी आणलं आहे. आधी साधे प्रश्न, पुढे आडवळणाचे. सगळं वाचायला वेळ नसेल तर ४, ९ आणि १२ एवढे तरी वाचा. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. चामड्याची सीट म्हणजे फोमच्या सीटवर चामड्याचं कव्हर, असंच ना?

नाही. हिच्यात गादी नसतेच. मागे धातूची रुंद कमान, पुढे टोकाशी धातूचा छोटा तुकडा आणि या दोहोंमध्ये रिव्हेट ठोकून ताणून बसवलेलं जाड चामड्याचं एकच पान. त्याच्या खाली पोकळी. थोडक्यात, तुम्ही गादीवर नव्हे तर झोळीत बसता. हे चामडं साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाड असतं आणि झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं असतं. बॅगा-जॅकेटांचं क्रोमने कमावलेलं चामडं हाताला मऊ लागतं, पण दाबून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. सालीने कमावलेलं धरतं. म्हणून ओलं करून साच्यावर बसवलं आणि वाळवलं की सीटचा आकार पक्का होतो, आणि पुढे तुमच्या बैठकीचाही.

रचना जुनी आहे. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांच्या साजाचा आणि चामडी वस्तूंचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पहिलं पेटंट घेतलं. त्यांचं बी-१७ हे मॉडेल १८९०च्या दशकापासून आजही बनतं.

फोमवर पातळ चामडं चढवलेल्या सीटही मिळतात. दिसायला छान असतात, पण पुढचं काहीही त्यांना लागू नाही.

२. हाताला इतकी कडक लागते, मग आरामाची कशी?

आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवं. मऊ फोमवर ही हाडं रुततात, फोम बाजूंनी आणि मधून वर येतो आणि नाजूक भागावर दाब देतो. दुकानात पाच मिनिटं बसून फोमची सीटच बरी वाटणार. फरक दोन-तीन तासांनंतर कळतो. चामडं जिथे दाब येतो तिथेच हळूहळू खोलगट होतं, बाकी ठिकाणी ताठ राहतं. शिवाय ते घाम थोडाफार शोषतं आणि खालून हवा खेळती असते.

३. ही सीट कोणी घेऊ नये?

अगदी वाकून, कंबर पुढे झुकवून शर्यतीच्या पवित्र्यात चालवणाऱ्यांनी. त्यांचं वजन हाडांच्या मागच्या भागावर न येता पुढे सरकतं आणि ही सीट त्यासाठी बनलेलीच नाही. ज्यांची सायकल रात्रंदिवस उघड्यावर उभी असते त्यांनीही विचार करावा. वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: साधी पोलादी रेलची (रेल म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या) सीट अर्धा किलो भरते, स्प्रिंगवाली पाऊण किलोच्या पुढे जाते. लांब पल्ल्याच्या सहली, रोजचं ऑफिस, सामान लादून फिरणं, यासाठी मात्र हिच्या तोडीची सीट क्वचितच सापडते.

४. रुंदी कशी ठरवायची? कंबर किंवा पँटच्या मापावरून कळतं का?

कळत नाही. बारीक माणसाची बैठकीची दोन हाडं एकमेकांपासून लांब असू शकतात आणि जाड माणसाची जवळ. हाडांमधलं अंतरच मोजावं लागतं आणि ते घरी जमतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक, सपाट स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचलून धरा, गुडघे वर येऊ द्या आणि किंचित पुढे वाका. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा, उमटतील. दोन्ही खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसांमध्ये ते बहुधा १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान येतं.

आता जिथे बरेच जण फसतात तो भाग. सीटच्या माहितीत दिलेली रुंदी बाहेरून बाहेर असते. मागच्या कमानीवर जिथे चामडं रिव्हेटने ठोकलेलं असतं तिथे खाली धातू आहे. तो भाग हजारो किलोमीटरनंतरही दबणार नाही. हाडं पडली पाहिजेत ती या धातूच्या आत, मोकळ्या चामड्यावर. म्हणून सीट उलटी करून कमानीच्या आतल्या कडांमधलं अंतर पाहा. हाडांच्या अंतरापेक्षा ते निदान ३ सेंटीमीटर जास्त हवं. हाडं १२० मिलिमीटरवर असतील तर आतून १५० तरी मिळायला पाहिजेत.

मग बैठक. पाठ ताठ ठेवून चालवत असाल तर आणखी रुंद सीट, हँडल सीटच्या खाली असेल तर थोडी अरुंद चालते, कारण पुढे झुकलं की टेकणाऱ्या हाडांमधलं अंतर कमी होतं.

५. मॉडेलची नावं वाचून गोंधळ उडतो. थोडक्यात सांगाल?

ब्रूक्सपुरतं सांगायचं तर बी-१७ मधली, सुमारे साडेसतरा सेंटीमीटर रुंद. हँडल सीटच्या जवळपास उंचीला असेल तर आधी हीच पाहावी. स्विफ्ट आणि टीम प्रो तिच्याहून अरुंद, वाकून चालवणाऱ्यांच्या. फ्लायर म्हणजे स्प्रिंग लावलेली बी-१७. बी-६७ एकवीस सेंटीमीटरच्या आसपास, ताठ बसणाऱ्यांची, स्प्रिंगसह. फ्रान्सच्या बेर्तूच्या सीटमध्ये चामडं रिव्हेटऐवजी स्क्रूने बसवलेलं असतं, त्यामुळे ते बदलता येतं. अमेरिकेतल्या सेले अनाटोमिकाच्या सीटला मधोमध लांब खाच असते आणि ती पहिल्या दिवसापासून लवचीक असते. नाव कुठलंही असो, प्रश्न ४ मधलं माप जुळत नसेल तर उपयोग नाही.

६. मधे खाच असलेली घ्यावी की सलग?

फोमच्या सीटवर मधल्या भागात दाब येऊन बधिरपणा येत असेल तर खाचेची घेऊन पाहायला हरकत नाही. किंमत मोजावी लागते ती अशी: खाचेमुळे दोन बाजू एकमेकींना धरून राहत नाहीत, चामडं लवकर ताणतं आणि कडा बाहेर फाकतात. अशा सीटच्या कडा खालून दोरीने आवळलेल्याच बऱ्या (प्रश्न १७ पाहा). आणि बधिरपणाचं कारण सीटचा चुकीचा कोन हेही असतं; ते आधी तपासा.

७. बायकांसाठी वेगळी सीट लागते का?

बायकांमध्ये हाडांचं अंतर सरासरीने जास्त असतं, म्हणून रुंद मॉडेलकडे कल असतो, इतकंच. ‘एस’ लिहिलेल्या मॉडेलचं टोक आखूड असतं. स्कर्ट घालून किंवा ताठ बसून चालवताना ते सोयीचं. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. आपलं माप घ्या आणि त्यावरून ठरवा. पुरुषांची म्हणून विकली जाणारी सीट अगदी नेमकी बसल्याच्या गोष्टी भरपूर आहेत.

८. माझ्या सायकलला बसेल का?

बहुतेक आधुनिक सीटपोस्टना (सीट ज्या उभ्या दांडीवर बसते तिला) बसते, रेल ७ मिलिमीटरच्या नेहमीच्याच असतात. दोन अडचणी येतात. पहिली, चामड्याच्या सीटच्या रेलचा सरळ भाग आखूड असतो, त्यामुळे सीट फार मागे नेता येत नाही. आधी फोमची सीट रेलवर पार मागे ढकलून चालवत असाल तर मागे झुकलेला, सेटबॅकचा सीटपोस्ट घ्यावा लागेल. दुसरी, बी-६६ सारख्या काही जुन्या घाटाच्या सीटना प्रत्येक बाजूला दोन-दोन रेल असतात. त्यांना आजचा सीटपोस्ट चालत नाही, साध्या गोल दांडीवर बसणारा जुना क्लॅम्प (रेल पकडणारा चिमटा) लागतो.

स्प्रिंगची सीट आपल्याच उंचीने जागा खाते. फ्रेम आधीच उंच असेल तर दांडी पूर्ण खाली घालूनही सीट उंच राहिली असं होऊ शकतं.

९. सीट पाणसळीत सपाट बसवायची ना?

सुरुवात तिथून करा, पण शेवट बहुधा तिथे होत नाही. चामड्याची सीट मधे किंचित खोलगट असते आणि वजन पडल्यावर आणखी दबते. पाणसळ टोकापासून मागच्या कमानीपर्यंत टेकवून सपाट केली तरी बसल्यावर पुढे घसरल्यासारखं वाटू शकतं. मग माणूस हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. मनगटं आणि खांदे दुखतात आणि दोष हँडलला दिला जातो. उपाय म्हणजे टोक अगदी थोडं, अर्धा-एक अंश वर उचलायचं आणि एक फेरी मारून पुन्हा पाहायचं. हात हँडलवरून क्षणभर उचलले तरी तुम्ही जागच्या जागी राहिलात तर कोन जमला. टोक वर घेतल्यावर मधे दाब किंवा बधिरपणा आला तर जास्त झालं.

खाचांच्या क्लॅम्पवर एवढा बारीक फरक करता येत नाही, एक खाच म्हणजे फार मोठी उडी होते. दोन बोल्टचा सीटपोस्ट इथे पैसे वसूल करतो. सीट बदलताना उंची नव्याने मोजा. चामडं दबेल तशी ती काही मिलिमीटर पुन्हा वाढवावी लागते.

१०. रुळायला किती किलोमीटर लागतात?

साधारण ३०० ते १,००० किलोमीटर असं सांगतात, आणि एवढी मोठी तफावत असायला कारणं आहेत. जाड चामडं हळू रुळतं. वजनदार माणसाला लवकर वश होतं. रोज अर्धा तास चालवणं महिन्यातून एकदा दिवसभर चालवण्यापेक्षा कामाचं, कारण ऊब, किंचित घामाचा ओलावा आणि दाब हे तिन्ही वारंवार मिळावे लागतात. ‘आज रुळली’ असा दिवस येत नाही. हाडांच्या जागी दोन उथळ खळगे दिसू लागतात, अंगठ्याने दाबल्यावर तिथे जराशी लवचिकता लागते आणि एका फेरीत सीटची आठवणच येत नाही.

माप बरोबर असेल तर पहिल्या आठवड्यातही सीट असह्य नसते. कडक लागते, नवी वहाण लागते तशी. ‘हजार किलोमीटर सोसा, मग स्वर्ग’ हा सल्ला मला मान्य नाही; त्याच्या नावाखाली लोक चुकीच्या मापाची सीट वर्षभर सोसतात.

११. लवकर रुळवायची युक्ती? तेलात बुडवणं, गरम पाणी, ओव्हन, लाटण्याने ठोकणं?

यातलं एकही नको. तेलात भिजवलेलं चामडं खरंच आठवड्यात मऊ होतं, पण तिथे थांबत नाही. ताणतच जातं आणि झोळी लोंबायला लागते. ताण हाच या सीटचा आधार आहे, तो गेला की उरलं काही नाही. फार गरम झालं की सालीने कमावलेलं चामडं आकसतं आणि ठिसूळ होतं, तेव्हा ओव्हन, हीटर आणि उकळतं पाणी बाद. ठोकण्याने दाब भलत्याच ठिकाणी पडतो, तुमच्या हाडांच्या जागी नाही.

धीर नसेल तर कारखान्यातूनच मऊ करून आलेली सीट घ्या. ती उघडपणे तशी विकली जाते. आयुष्य थोडं कमी, पण सौदा सरळ.

१२. दुखतंय. किती दुखणं चालेल आणि कधी थांबायचं?

कुठे दुखतंय ते सांगा, मग उत्तर सोपं आहे. फक्त दोन हाडांच्या जागी, मुका मार लागल्यासारखं, दुसऱ्या दिवशी उतरणारं दुखणं पहिल्या काही आठवड्यांत चालतं. त्या काळात फेऱ्या लहान ठेवा, मोठ्या सहलीला नवी सीट नेऊ नका.

हाडांच्या बाहेरच्या बाजूला कडा टोचत असेल तर सीट अरुंद आहे, हाडं धातूवर पडताहेत. मांड्यांच्या आतल्या बाजूला घासत असेल तर ती फार रुंद आहे किंवा कडा फाकल्या आहेत. मधे दाब असेल तर कोन किंवा उंची चुकली. सीट जास्त उंच असली की कंबर डोलते आणि सगळीकडेच घासतं. बधिरपणा किंवा मुंग्या येणं कोणत्याही टप्प्यावर चालत नाही: थांबा, उतरा, प्रश्न ९ पासून पुन्हा तपासा. तरी गेला नाही, किंवा उतरल्यावरही टिकून राहिला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

१३. पॅडवाली शॉर्ट घालू की साधी पँट?

दोन्ही चालतं. जाड पॅड मात्र चामड्याच्या सीटवर उगाच; पॅड आणि सीट दोघं वेगवेगळ्या दिशेने घसरतात. जाड शिवण हाडांखाली येणारी जीन्स टाळा. हलक्या रंगाची पँट असेल तर पहिले काही महिने, विशेषतः ओल्या सीटवर, रंगाचा डाग पडू शकतो.

१४. मेण कोणतं आणि किती वेळा लावायचं?

सीटसोबत कंपनी जे मेण सुचवते ते लावा. ब्रूक्सच्या प्रूफाइडमध्ये मुख्यतः जनावराची चरबी, कॉड माशाचं तेल आणि मेण असतं. नवी सीट वापरण्याआधी एकदा: वरून पातळ थर, खालून सढळ हाताने. खालची बाजू खरबरीत असते, जास्त शोषते आणि चाकाचं पाणी तिलाच लागतं. लोक नेमकी तीच विसरतात. रात्रभर ठेवा, सकाळी फडक्याने पुसून चकाकी आणा. पहिल्या काही महिन्यांत आणखी एक-दोनदा, पुढे वर्षातून दोन वेळा पुरे. चामडं कोरडं, फिकट दिसलं तर एकदा जास्त.

खोबरेल, नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं), व्हॅसलीन वापरू नका. कारण प्रश्न ११ मधलंच. बुटांचं पॉलिश सीटपेक्षा पँटवर जास्त दिसतं.

१५. पावसात चिंब भिजली, आता?

पहिली गोष्ट, ओल्या सीटवर बसून लांब जाऊ नका. ओलं चामडं वजनाने ताणतं आणि त्याच आकारात वाळतं. एका भिजलेल्या प्रवासात सीटचं वय वर्षांनी वाढू शकतं. बसावंच लागलं तर निदान वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. घरी आल्यावर फडक्याने टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. ऊन, हीटर, हेअर ड्रायर नको. पूर्ण वाळल्यावर मेण.

मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर कव्हर घालूनही फायदा अर्धाच, कारण पाणी खालून उडतं. आणि कव्हर कायमचं घालून ठेवू नका. आत दमटपणा साठून बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या फडक्याने पुसा, हवेशीर ठेवा, मग मेण लावा. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवणाऱ्यांची सीट घामाने अशीच भिजते, फक्त लक्षात येत नाही. तिथे टॉवेल टाका.

१६. टोकाखालचा नट कधी आवळायचा? सीटसोबत पानाही आलाय.

पाना आला म्हणून फिरवायचा नसतो. नव्या सीटला हात लावू नका. हा नट टोक पुढे ढकलून चामडं ताणतो, आणि नव्या सीटमध्ये ते ताणलेलंच असतं. रुळताना पडणारे खळगे म्हणजे सैलपणा नव्हे. तेच तर हवे आहेत. आवळून ते सपाट करणं म्हणजे केलेली मेहनत पुसणं.

बसल्यावर चामडं खाली रेलला किंवा क्लॅम्पला टेकत असेल, किंवा टोक आणि मागची कमान अंगाला टोचतील इतका मध्य खाली गेला असेल, तरच आवळा. एका वेळी पाव फेरा, मग आठवडाभर चालवून पाहा. एकदम दोन-तीन फेरे दिले तर रिव्हेटच्या भोकांपाशी चामडं फाटतं, आणि ते शिवता येत नाही. भिजलेली असताना तर मुळीच नको. कुठल्या बाजूला फिरवायचं याचा गोंधळ झाला तर टोकाकडे पाहा: ते पुढे सरकत असेल तर आवळतंय.

१७. नट आवळूनही कडा बाहेर फाकतात. सीट गेली का?

नाही. नट लांबीत ताण देतो, रुंदीत नाही. दोन्ही बाजूंच्या खाली लोंबणाऱ्या कडांना, काठापासून सेंटीमीटरभर आत, समोरासमोर तीन-चार भोकं पाडा आणि बुटाच्या नाडीसारखी मजबूत दोरी आडवी-तिडवी ओवून आवळा. काही मॉडेलना ही भोकं आधीच असतात. फार घट्ट नको. कडा सरळ खाली आल्या की गाठ मारा. मी तर नट फिरवण्याआधी हा उपाय करून पाहावा असंच म्हणेन.

१८. करकर आवाज येतो.

बहुधा स्प्रिंगच्या जोडांतून, टोकाच्या बोल्टपाशी किंवा रेल क्लॅम्पमध्ये बसते तिथून. सीट काढा, क्लॅम्प पुसा, धातू धातूला घासतो तिथे ग्रीसचा एक ठिपका द्या. चामड्याला ग्रीस लागू देऊ नका.

१९. वापरलेली सीट घेऊ का? आयतीच रुळलेली मिळेल.

रुळलेली, पण दुसऱ्याच्या हाडांना. तुमचं माप त्याच्याशी जुळलं तर नशीब. घेताना उलटी करून पाहा: रिव्हेटभोवती चिरा, कमानीच्या कडेवर तडे, वाकलेली रेल यांपैकी काही असेल तर सोडा. नटाचे आटे किती शिल्लक आहेत तेही बघा. बोल्ट पूर्ण बाहेर आला असेल तर चामड्याचा जीव संपलेला आहे. कडक आणि कोरडी पण न चिरलेली सीट मात्र मेणाचे पातळ थर, काही दिवसांच्या अंतराने, देऊन पुष्कळदा परत येते.

२०. चामडं वापरायचं नाही. झोळीसारखी दुसरी सीट आहे?

आहे. ब्रूक्सनेच २०१३ मध्ये कॅम्बियम आणली: व्हल्कनाइझ केलेलं (गंधकासोबत तापवून टिकाऊ केलेलं) नैसर्गिक रबर, वर सुती कापड. रचना तीच, ताणलेली. पावसाची भीती नाही, मेण नाही, रुळवणंही नाही. याचा अर्थ ती तुमच्या आकाराची कधी होणारही नाही. पहिल्या दिवशी जशी लागेल तशीच राहील. त्यामुळे माप आणखी काटेकोर घ्या.

२१. दोन सायकली आहेत, रुळलेली सीट एकच. अदलाबदल केली तर बिघडेल का?

दोन्ही सायकलींवर बैठक सारखी असेल तर नाही. एकीवर ताठ आणि दुसरीवर वाकून बसत असाल तर हाडं वेगळ्या ठिकाणी पडतात आणि खळगे धड कुठल्याच जागी बनत नाहीत; मग दोन सीट लागतात. घरातल्या दोघांनी एकच सीट वापरण्याचंही हेच उत्तर.

अदलाबदल करणारच असाल तर सीटपोस्टसकट काढा, म्हणजे कोन हलत नाही. त्यासाठी दोन्ही फ्रेमना एकाच जाडीची दांडी लागते. दांडीवर प्रत्येक सायकलच्या उंचीची खूण चिकटपट्टीने करा आणि टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर लिहून ठेवा.